कोरड्या गाद्यांची तीन वर्षं

२७ मार्च. सात महिने या रोजनिशीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आज लिहायचं आहे ते मृत्युपत्र.

मी, मुलींच्या निवासी शाळेची वसतिगृह अधीक्षिका, वय शेहेचाळीस, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन ठिकाणावर आहे असं मात्र शपथेवर सांगवत नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझी सगळी बचत 'शिस्तीची ढाल' या बक्षिसासाठी ठेवली होती.

रद्द का, हे नोंदवणं भाग आहे. काल गुणगौरव समारंभ होता. धावण्यात पहिली, गणितात पहिली, चित्रकार, सगळ्यांना टाळ्या मिळाल्या. मग मी माझंही एक यश वाचून दाखवलं: धाकट्या मुलींत तीन वर्षांत एकही गादी ओली झाली नाही. माझी पद्धत अशी, की जिची गादी ओली होईल तिचं नाव नोंदवहीत लिहायचं आणि गादी तिनेच अंगणात सर्वांदेखत वाळत घालायची.

पहिल्या रांगेतली सात वर्षांची पोर उभी राहिली. "बाई, रोज होते की! ताई घंटेआधी चादर धुते, गादी उलटी करते."

"माझी तर परवाच झाली," शेजारची म्हणाली.

सभागृह हसलं.

ताई म्हणजे शेवटच्या वर्गातली मुलगी. कवायतीला उशिरा येते म्हणून मी तिला एक्केचाळीस शेरे दिले होते. बक्षिसांच्या यादीत ती नव्हती. खुर्च्या मांडायला होती. मुलींनी तिच्यासाठी बाकं बडवली. मी टाळी वाजवली की नाही, आठवत नाही.

१. दोन खोल्यांचं घर धाकट्या बहिणीला. "तू मुली सांभाळत नाहीस, पहारा देतेस," असं ती म्हणाली म्हणून चार वर्षं मी तिच्याशी अबोला धरला. घर तिचं, बोलणंही तिचंच खरं.

२. बचतीतून धुण्याच्या जागी गरम पाण्याचा नळ बसवावा. त्यावर माझं नाव घालू नये.

३. मनगटी घड्याळ ताईला, असं लिहून खोडलं. टोमणा वाटेल. मग ट्रंक लिहिली. पण ती नर्सिंग शिकायला आज संध्याकाळीच निघणार, म्हणून आत्ताच नेऊन दिली. मरेपर्यंत थांबायचं कशाला? ती म्हणाली, "बाई, शेरे काही खोटे नव्हते. उशीर व्हायचाच." आणि दारात थबकून, "पण उद्यापासून धाकट्यांचं कसं?"



४. ती ओल्या गाद्यांची नोंदवही. फाडायला घेतली, मग वाटलं, हे मी मुलींसाठी करते आहे की स्वतःसाठी? मुलींची नावं शाईने खोडून टाकावीत. माझ्या सह्या राहू द्याव्यात.

साक्षीदार: वसतिगृहाची स्वयंपाकीण, आणि कोठी सांभाळणाऱ्या मावशी. सही करताना मावशी म्हणाल्या, "साबण इतका जातो कुठे, असं तीन वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वहीत लिहिलं असतंत, बाई."

तिघींच्या सह्या माझ्या खोलीत, एकमेकींसमोर, वरील तारखेस झाल्या.

उद्याचं काम: घंटेच्या तासभर आधी उठून चादरी धुणे.