पाहुण्यांचं जेवण

आई, त्या कुत्र्याबद्दल तुझ्याशी नीट बोलणं राहूनच गेलं. तू होतीस तेव्हा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून आत निघून जायची, आणि तू गेल्यावर ज्याच्याशी बोलावं असं कुणी उरलं नाही. आता तू गेलीस त्या वयापेक्षा मी कितीतरी म्हातारी झाले आहे. भोपाळात शाहपुऱ्याच्या तळ्याकडे आमच्या घराची गॅलरी आहे, तिथे बसून लिहिते आहे. सून दोनदा डोकावून गेली. "काही नाही, हात वळतोय का बघते," म्हणून तिला वाटेला लावलं.

छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला आणली तेव्हा तिच्याबरोबर आपणही आलो. बाबा म्हणायचे, सरकारनं कपाटं, पंखे आणि कारकून एकाच गाडीत भरून पाठवले, फक्त कारकुनांवर नंबर टाकायचे विसरले. नव्या क्वार्टर्सच्या भिंती अजून ओल्या होत्या, अंगणात खडी तशीच पडली होती आणि आजूबाजूला सगळी आपलीच मंडळी होती, वर्ध्याची, अमरावतीची, नागपूरच्या महाल भागातली. कुणीच ट्रंका पुरत्या उघडल्या नव्हत्या. आज ना उद्या परत जायचंच आहे अशी सगळ्यांनी एकमेकांची समजूत घातली होती. नळावर बायका एकमेकींना "तुमचं कधी?" असं विचारायच्या, जसं काही सगळ्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. तूही त्यातलीच. "आपण चार दिवसांचे पाहुणे," हे वाक्य तुझ्या तोंडात बसलेलं होतं, म्हणून तो कुत्रा आला तेव्हा त्यालाही तू पाहुणेच म्हणालीस.

बाबा जनावरांच्या दवाखान्याच्या खात्यात होते. दवाखान्यामागच्या शेडमध्ये बेवारशी जनावरं ठेवत, आणि ती जागा नव्या कचेरीसाठी रिकामी करायची होती. बाकीची जनावरं कुणी कुणी नेली. हा एक उरला, कारण तो वासराएवढा होता आणि वर म्हातारा. डॉक्टर बाबांना म्हणाले, "कोई ले गया तो ठीक, नहीं तो बड़े बाबू, मौत की सुई लगानी पड़ेगी." बाबांना कुठल्याच साहेबाला नाही म्हणता येत नसे, पण त्या दिवशी कुत्रा त्यांनी साहेबाच्या भिडेखातर नाही, स्वतःहून मागून घेतला, हे मला पुढे कळलं. संध्याकाळी फाटकाशी टांगा थांबला तर मागच्या सीटवर ऐसपैस कुत्रा बसलेला आणि बाबा पायरीवर अवघडून लटकलेले. तू पदर कमरेला खोचून बाहेर आलीस. "हे काय आणलं?" बाबा म्हणाले, "दुसरं घर मिळेपर्यंत. मिळेलच." तो राखी रंगाचा प्रचंड प्राणी हळूहळू खाली उतरला, मागचे पाय जरा ताठरलेले, आणि तुझ्यासमोर येऊन खाली मान घालून उभा राहिला. शेजारच्या काकूंच्या रांगत्या पोरीनं त्याचा कान धरून ओढला तरी तो हलला नाही. तू म्हणालीस, "या पाहुणे. पण स्वयंपाकघरात पाऊल नाही टाकायचं."

तो स्वयंपाकघरात कधी आलाच नाही, पण तो जेवेचना. दूधपोळी ठेवली, तो तिच्यासमोर बसला आणि तुझ्याकडे बघत राहिला. तुला वाटलं, उरलंसुरलं देतोय म्हणून रुसलाय, तर त्याला आपल्या आधी ताजं वाढलंस. बाबांना वाटलं, मटणाची सवय असेल. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की तुला दोनदा विचारावं लागलं, आणि मग तू त्यांच्याकडे असं बघितलंस की तो विषय तिथेच संपला. समोरचे काका म्हणाले, "एकादशी धरली असेल." सगळे हसले. तू हसली नाहीस. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. "काहून जेवत नाही रे बापा?" असं तू त्याच्यापुढे उकिडवी बसून विचारायचीस आणि मग स्वतःचंही ताट तसंच सारायचीस. दारात उपाशी जीव असताना तुझ्या घशाखाली घास उतरत नसे.

मग एका दुपारी, बाबा कचेरीत असताना, तू मला घेऊन टांगा केलास. तू भोपाळात तोपर्यंत भाजीलासुद्धा एकटी गेली नव्हतीस. बाबांकडून एवढंच कळलं होतं की कुत्रा जुन्या शहरातल्या एका मियांचा, ते रियासतीत नोकरीला होते आणि नुकतेच वारले. टांगेवाला आपल्या भोपाळी ढंगात म्हणाला, "को खां, ऐसे कैसे मिलेगा घर?" पण वासराएवढा कुत्रा म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. गल्लीच्या टोकाला एक उंच दार होतं, त्याला जाड पडदा. आतून एक म्हातारी, पांढरे कपडे घातलेली, पुढे आली. "आइए बीबी, धूप में क्यों खड़ी हैं?" तू आपल्या नागपुरी हिंदीत सुरू केलंस, "वो आपका कुत्ता हमारे यहां आया न, वो कुछ खाताच नहीं." ती ऐकता ऐकता खाटेवर बसली. डोळे पुसत हसायलाही लागली. तिची मुलं कराचीला गेली होती, घर विकलं होतं, ती बहिणीकडे एका खोलीत राहायला जाणार होती. कुत्र्याला कुठे नेणार? म्हणाली, "साहब आँगन में खाना खाते तो ये चबूतरे के नीचे बैठता. जब तक बिस्मिल्लाह न हो, मजाल है कि मुँह लगाए. आप कुछ भी दीजिए बीबी, बस पहले बिस्मिल्लाह कह दीजिए." तू विचारलंस, "दूसरा कुछ बोले तो नहीं चलेगा का?" तिनं मनापासून विचार केला. "पता नहीं. हमने तो कभी कुछ और कहा ही नहीं."

तिनं पाणी आणलं होतं. तू ते घेतलं नाहीस आणि मलाही डोळ्यांनी नको म्हणालीस. तिला ते कळलं, तिनं पेले खिडकीत ठेवले. परतताना टांग्यात तू एकदम म्हणालीस, "पाणी प्यायला पाहिजे होतं मी. तहानही लागली होती गं." मला तेव्हा त्यात एवढं काय ते समजलं नाही.

त्या संध्याकाळी तू मागच्या अंगणात परात ठेवलीस, डोक्यावरून पदर घेतलास, काकूंच्या खिडकीकडे एक नजर टाकलीस आणि पुटपुटलीस. पाहुणे ढिम्म. तू पुन्हा म्हणालीस, थोडं मोठ्यानं. तो नुसता बघत राहिला. तेव्हा आपल्या लक्षात आलं की त्याला कमी ऐकू येतं. आई, मी तुझा तो चेहरा अजून विसरले नाही. तू खोल श्वास घेतलास आणि अशा खणखणीत आवाजात म्हणालीस की क्वार्टर्सच्या अख्ख्या ओळीतल्या कढया थांबल्या असतील. त्यानं शेपूट हलवलं आणि परात चाटूनपुसून साफ केली. तू तिथेच पायरीवर बसलीस आणि पदरात तोंड लपवून रडलीस, आणि रडताना हसत होतीस.

मी मात्र लाजेनं अर्धी झाले होते. त्यानंतर ते रोजचंच झालं, दोन्ही वेळा, आणि रोज तेवढ्याच मोठ्यानं. नळावर बायका तू आलीस की बोलायचं थांबवत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ केलीस, पन्हं केलंस, आणि ओळीतल्या निम्म्या बायकांना नेमकं त्याच दिवशी बरं वाटेनासं झालं. शाळेत मी डबा उघडला की आपल्याच ओळीतल्या मुली माझ्यासमोर ओंजळ धरून तो शब्द म्हणायच्या आणि खिदळायच्या. मी घरी येऊन तुझ्याशी बोलायची नाही. बाबा म्हणाले, "साहेबांच्या कानावर गेलंय. त्याच्यासाठी घर बघायला पाहिजे."

घर मिळालं. गोविंदपुऱ्याकडे मोठा कारखाना उभा राहत होता, तिथे पुण्याकडचे एक इंजिनियर आले होते. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता आणि अंगण भरपूर होतं. आपण तिघं पाहुण्यांना पोचवायला गेलो. इंजिनियरांच्या बायकोनं चहा दिला, पानाचा पितळी डबा पुढे केला, आणि विचारलं, "खाण्यापिण्याचं काही विशेष?" बाबा पंख्याकडे बघायला लागले. पाटावर त्यांच्या सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तू म्हणालीस, "विशेष काही नाही. 'जेव राजा' म्हटलं की जेवतो." आणि मला इतकं हायसं वाटलं की मी आणखी एक बिस्किट घेतलं.

घरी आल्यावर तू वाढलंस, सगळ्यांना, पण स्वतः बसली नाहीस. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. बाबा कचेरीत गेल्यावर म्हणालीस, "चल." मी येत नाही म्हटलं. "चल म्हणते ना!" टांग्यात तू सबंध वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत होतीस. इंजिनियरांच्या अंगणात तो साखळीला बसलेला होता आणि त्याच्यासमोर भाताची थाळी जशीच्या तशी, त्यावर माश्या. बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, जेव राजा म्हणून म्हणून घसा बसला माझा." तू सरळ सांगितलंस, काय म्हणावं लागतं ते, कुणी शिकवलं ते. त्या म्हणाल्या, "मग काल का नाही बोललात?" तू म्हणालीस, "लाज वाटली." आणि तुझी मान खाली गेली. बाईंनी आत बघितलं आणि आवाज उतरवला. "मी म्हटलं असतं हो. पण सासूबाई आहेत घरात." तू म्हणालीस, "असू द्या. मी नेते त्याला." आणि न्यायच्या आधी, तो उपाशी आहे म्हणून, तू तिथेच उभी राहून तो शब्द म्हणालीस, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आतली जपमाळ थांबली. तो जेवला. आपण तो जेवेपर्यंत तिघी तशाच उभ्या होतो, कुणी कुणाकडे न बघता.

टांगेवाला कुत्र्याला घ्यायला तयार झाला नाही, म्हणून परत चालत आलो. तू साखळी धरून पुढे, मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, जणू तुझी कुणीच नाही. शेवटी न राहवून ओरडले, "त्याला दुसरं काहीतरी शिकव ना! आपलं!" तू थांबलीस, मागच्या पायांनी लंगडणाऱ्या त्याला जरा दम घेऊ दिलास आणि म्हणालीस, "म्हातारा झाला तो. आता त्यानं काय काय शिकायचं?" त्या दिवशी बाबा घरी आले, अंगणात पाहुणे बघितले, हातपाय धुतले आणि संध्याकाळी परात त्यांनीच नेऊन ठेवली. म्हणाले मात्र ते पुटपुटतच, त्यामुळे तुला पुन्हा म्हणावं लागलं. तो गेला तोपर्यंत आपल्याकडेच होता. आपणही कुठे परत गेलो?

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. माझी नात सुट्टीच्या दिवशी बेवारशी कुत्र्यांच्या एका आसऱ्यात काम करायला जाते. तिथे असाच एक मोठा, गरीब स्वभावाचा, वय झालेला कुत्रा आहे. कुणी नेत नव्हतं. मागच्या आठवड्यात साकेत नगरातून एक कुटुंब त्याच्याबद्दल विचारायला आमच्याकडे आलं, न्यायचं मन होत होतं पण धीर होत नव्हता, मोठा आहे, म्हातारा आहे, काय खाईल, कसा राहील. नात म्हणाली, "आजी, पणजीवाली गोष्ट सांग ना इनको." पणजीकडे असाच एक मोठा कुत्रा होता, एवढंच तिला माहीत होतं. मी सांगायला लागले. टांगा सांगितला, बाबा पायरीवर लटकलेले सांगितले, ती मंडळी खूप हसली. तो जेवेना ते सांगितलं. त्यांच्यातल्या बाईंचा हात तोंडाशी गेला. आणि मग तो शब्द आला. समोर अनोळखी माणसं बसली होती, चांगली माणसं, हातात आमचाच चहा. कुणी काही म्हटलं नव्हतं, कुणी काही म्हणणारही नव्हतं कदाचित. मी म्हणाले, "श्रीराम म्हटल्याशिवाय तो जेवायचाच नाही." मग त्याच्याशी जुळवायला पुढचंही बदलावं लागलं. ती पडद्याआडची म्हातारी मी देवळातल्या पुजाऱ्याची विधवा करून टाकली. तिचं पाणी तू प्यायलीस असंही सांगितलं. गोष्ट छान झाली. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी तिथल्या तिथे कुत्रा नेतो म्हणून सांगितलं. नातीनं मला मिठी मारली.

कुत्र्याला घर मिळालं, आई. त्याचं भलं झालं, हे मी स्वतःला चारदा सांगून बघितलं. हे कागद नातीला वाचायला द्यावेत असं मनात येतं, आणि मी ते देणार नाही हेही मला ठाऊक आहे. परवा तिनं फोनवर मला त्या घरचा व्हिडिओ दाखवला. तो मोठा कुत्रा ताटलीपुढे बसला आहे, त्यांची छोटी मुलगी हात जोडून मोठ्यानं श्रीराम म्हणते आणि मग तो जेवायला लागतो. घरातले सगळे टाळ्या वाजवतात. "देख आजी," नात म्हणाली, "पणजी अशीच म्हणायची ना?"

मी म्हटलं, "हो गं. अगदी अशीच."