भिंतीकडं तोंड करून

कोल्हापूर, १२ डिसेंबर १९९८

अव्वा, तुला आणि अप्पांना शरणू.

मी बरी हाय, पोटभर जेवतीया. अप्पांचा खोकला गेला का?

सून कुणाशी बोलत न्हाय म्हणून मामंजींनी बुधवारी मला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडं नेलं. "हिला बोलती करा," म्हणाले. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले न्हाय की मान वर केली न्हाय. बाईंनी ते वळखलं. म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड करून बस. त्यांचा मान ऱ्हाईल आणि तुला बोलता येईल. कानडीत बोललीस तरी मला कळतंय."

मग मी बोलले. पहिल्या पंचमीला मला माहेरी धाडलं न्हाय, तिथनं सुरू केलं. हात मोरीत घसरून मोडला असं तुला लिवलंतं. तो कुणी मोडला, तेपण सांगितलं.

मामंजी उठाय लागले. बाई म्हणाल्या, "बोलती करा म्हणून तुम्हीच सांगितलंत की! बसा." बसले गुमान.

आता दर बुधवारी जायचं हाय. बारा वर्षांतलं पहिलंच सांगून झालंय. सावकाश सांगणार, एक दिवस सोडणार न्हाय.

आणि येत्या बुधवारी खुर्ची त्यांच्याकडं फिरवणार.

तुझी,
गिरिजा