चादरीचं दुसरं टोक

प्रिय बटाट्या,

गेल्या आठवड्यात फोनवर ओरडले आणि मध्येच फोन ठेवला, म्हणून फुगून बसली असशील तर खुशाल बस. हे पत्र माफीबिफी मागायला नाही. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं डोकं फिरतं, म्हणून कागद घेतला. कागद उलटून हसत नाही. खरं तर आता तुला बटाट्या म्हणायचीही चोरी झाली, डॉक्टरांनी बटाटाच बंद केलाय तुझा. पण लहानपणी तुझे गाल बघून तुझ्या आईनं ठेवलेलं नाव ते, माझ्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही.

तर तुझ्याही रक्तात साखर निघाली. पाव, भात, बटाटा, बिस्किटं, गोड चहा, सगळं सोडायचं असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू म्हणालीस, मावशी, चार दिवस केलं, आता नाही होत. चष्म्याच्या दुकानातून सुटले की वाटेत पाव घेते, खोलीत शिरते आणि चपलाही न काढता उभ्या उभ्या खाते, इथे परक्या गावात मला अडवायला कोण बसलंय? असं म्हणालीस आणि हसलीस. पोरी, तसं मीही हसायचे. माझ्या पायाचं बोट काळं पडायला लागलं तेव्हा ते हसू गेलं. म्हणून हे सगळं वाच, कंटाळून मध्ये सोडू नकोस. यातलं अर्धं तुला ठाऊक आहे आणि अर्धं मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या लॉन्ड्रीत मशीनचा आवाज एवढा, की समोरच्या बाईशी बोलायचं तर घसा फाडावा लागतो. म्हणून आम्ही चादरीतून बोलतो. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमधून गरम गरम बाहेर पडतात. एका टोकाला एक बाई, दुसऱ्या टोकाला दुसरी. कोपरे धरायचे, ताणायचं, जवळ यायचं, घडी द्यायची, परत मागे सरकायचं. हलका हिसका म्हणजे मी तयार आहे. जोराचा हिसका म्हणजे थांब बाई, तुझ्याकडे सुरकुती राहिली. माझ्यासमोर कायम तुझी आई. तिचा हिसका मी डोळे मिटून ओळखला असता. नुसत्या मनगटातून यायचा, छोटा आणि चिडका. मुकादम म्हणायचा, या दोघी दिवसभर भांडतात आणि तोंडातून शब्द निघत नाही.

त्या हिसक्यानंच माझा हात वाचला. ओली चादर आम्ही दोघी रोलरला लावत होतो आणि मला अंधारी आली. मी पुढे झुकले ती झुकलेच, चादर माझे हात घेऊन आत चालली. तुझ्या आईनं तिकडून अशी काही ओढली की चादर फाटली आणि मी ढुंगणावर आपटले. मग मला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी म्हटलं, भोवळ आली एवढंच, कशाला तमाशा करतेस. डॉक्टरीणबाईंनी पायाचं ते काळं बोट बघितलं, साखर बघितली आणि म्हणाल्या, हे असंच चाललं तर पाय जाईल. गोळ्या लिहून दिल्या आणि पिठाचं, भाताचं, गोडाचं सगळं सोडायला सांगितलं. मी विचारलं, मग खाऊ काय, इस्त्रीची वाफ? त्या हसल्या. तुझी आई नाही हसली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिनं फर्मान काढलं. आम्ही पाचजणी घड्यांच्या लांब टेबलावर बाद झालेली चादर अंथरून जेवतो, तू लहानपणी त्याच टेबलाखाली झोपायचीस. ती म्हणाली, आजपासून या चादरीवर पाव येणार नाही, भात येणार नाही. ज्यांना खायचाय त्यांनी बाहेर नळापाशी उभं राहून खावा. बायका चवताळल्याच. एक म्हणाली, साखर हिच्या रक्तात आणि शिक्षा आम्हाला? बिस्किटवाली तर एप्रनच्या खिशात पुडा लपवून बसायची आणि कागद वाजला की खोकायची. गाडीवाला कपड्यांचे गठ्ठे उतरवताना रोज ओरडून विचारायचा, काय गं, शेळ्यांना आज कोबी की काकडी? पण ऐकलं सगळ्यांनी. उकडलेली अंडी आली, मासे आले, पालेभाज्या आल्या, शेंगदाणे आले. आठवडाभर मी सगळ्यांना शिव्या घातल्या. भूक पोटात नसते गं, ती हातात असते. हात आपला आपण उठतो आणि जातो.

आणि माझा हात कुठे भलतीकडे गेला, की टेबलाच्या त्या टोकाकडून चादर ओढली जायची. तोच हिसका. तुझी आई मान वर न करता अंडं सोलत असायची. मुकादमाच्या वाढदिवसाला केक आला तेव्हा तर कहर झाला. सगळे टाळ्या वाजवत होते, मी हळूच बोट क्रीमला लावलं आणि तिनं चादर अशी खेचली की केक सरळ मुकादमाच्या मांडीवर. तो बिचारा उभा राहून म्हणाला, अगं, निदान मेणबत्ती तरी विझवू द्यायची होतीस. मी इतकी चिडले की दिवसभर तिच्याशी बोलले नाही. चादरीतूनसुद्धा नाही. पण पायाचं बोट बरं झालं. साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं काय जमवलंत? मी म्हटलं, मी नाही जमवलं, मला टेबलाला कुत्र्यासारखं बांधून ठेवतात.

मग ती गेली. ते तुला सांगायला नको. साध्या तापाचं निमित्त, जिला जन्मात साखर नव्हती, जी दगड पचवायची, ती गेली आणि मी राहिले. तू सगळं उरकून परत त्या गावाला गेलीस आणि मी कामावर गेले. घरी बसून काय करायचं होतं?

त्या दिवशी जेवायला बसलो तर टेबलावर पाव होता. मुद्दाम कोणी आणला नव्हता. बायकांच्या घरी जे होतं ते डब्यात घातलं, कोणाचं ध्यान होतं? नियम तिचा, ती नाही तर नियम कोणाचा. मीही हात पुढे केला. भूक नव्हती, नुसता हात गेला. आणि चादर ओढली गेली. डबे सरकले. मला वाटलं बिस्किटवालीनं ओढली. बघते तर ती दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होती. टेबलाच्या त्या टोकाला नुसतं स्टूल. मी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पाव कोणीच आणला नाही, आणि त्या स्टुलावर त्यानंतर कोणी बसलं नाही. जागा कमी पडायची, बायका उभ्या राहून जेवायच्या, पण तिथे नाही.

तुला माहितीये, मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. दार वाजलं तर वारा असतो आणि सावली हलली तर दिवा हलतो. म्हणून मी तपासून बघितलं. चादर काढून टाकली, टेबलावर रेक्झिन घातलं. मीच आणलेल्या पावाकडे हात गेला, एप्रन खेचला गेला. पंखा बंद करून बघितला. जागा बदलून बघितली. शेवटी सुट्टीच्या दुपारी घरी एक पाव विकत आणला, दार लावलं आणि पलंगावर बसले. म्हटलं, हे माझं घर, इथे लॉन्ड्री नाही, टेबल नाही. तुकडा तोडला. तर पलंगपोसावरच्या सुरकुत्या माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून निघून गेल्या. पायथ्याकडून. कोणीतरी तिथे उभं राहून दोन कोपरे धरावेत आणि ताणावेत तशा. मी बसले होते तिथली तेवढी सुरकुती राहिली, आणि मग तो छोटा, चिडका हिसका आला. नीट कर.  मग तुकडा खाली ठेवला आणि म्हटलं, झालं समाधान? आणि पाव शेजारणीच्या दारात नेऊन दिला.

घाबरले का? हो, घाबरले. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पुढे पुढे मी उगाचच पावाच्या दुकानापाशी थांबायला लागले. घ्यायचा नसायचा. नुसती पिशवी उघडायची आणि वाट बघायची. पिशवीचा बंद ओढला गेला की घरी यायचं. बायका म्हणायच्या, मावशीनं काय निर्धार केलाय बघा, वर्ष होत आलं, जिभेला पिठाचा कण नाही. कसला निर्धार! मला पाव नको होता, तो हिसका हवा होता.

माझ्यासमोर आता नवी बाई असते, शिवणकाम सोडून आलेली. भली आहे, पण चादर अशी धरते जशी काही ओल्या केसांची वेणी घालायचीये. एकदा दुपारी आम्ही घड्या घालत होतो आणि मी मध्येच दुसरीकडे बघत राहिले, सुरकुती राहिली. जोरात हिसका आला. मी दचकून तिच्याकडे बघितलं तर ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मशीनच्या आवाजात ओठ हलवून म्हणाली, मी नाही ओढली. मी मान हलवली. आम्ही त्या चादरीची घडी घातली आणि पुढची घेतली. त्यानंतर तिनं विषय काढला नाही, पण सुरकुती राहू देत नाही.

आता मुद्द्याचं. तुझा फोन आला त्या संध्याकाळपासून हे सगळं थांबलं. आधी मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानापाशी थांबले, पिशवी उघडली, काही नाही. तिसऱ्या दिवशी पाव घेतला. टेबलावर नेला, सगळ्यांसमोर चादरीवर ठेवला, तोडला आणि तोंडात घातला. बायकांचे घास हातात राहिले. मी चावत होते आणि दोन्ही हात चादरीवर दाबून धरले होते, कुठे जरा तरी हलतंय का म्हणून. काही हललं नाही. तो घास मला गिळवेना बटाट्या, वर्षभर जो जिभेवर आला नव्हता तो घास. तेवढ्यात बिस्किटवाली उठली, माझ्या हातावर चांगली चापट मारली, उरलेला पाव उचलून नळापाशी फेकून आली आणि मला म्हणाली, थुंक. मी थुंकले. लहान पोरीसारखी.

रात्रंदिवस विचार करायची माझी सवय नाही, पण यावेळी केला. ती मला सोडून रुसून गेली असं मला वाटत नाही. तिचा जीव एकाच वेळी दोन टोकं धरू शकत नाही, आणि तू हसत हसत म्हणालीस ना, मला अडवायला कोण बसलंय, ते तिनं ऐकलं असणार. म्हणून हे पत्र. उद्या दुकानातून सुटलीस की पाव घेऊ नकोस. खोलीत जा, चपला काढ, खाली बस, समोर एखादी जुनी चादर अंथर आणि त्यावर जेवण मांड. अंडी कर, भाजी कर, गोळ्या वेळेवर घे. आणि तरी हात भलतीकडे गेला तर मध्ये घाई करू नकोस, थांब जरा, वाट बघ. ओढलं तर हट्टाला पेटू नकोस. जिवंतपणी तुम्ही दोघी पुरेशा भांडलात. काहीच झालं नाही तर मला सरळ कळव, लपवू नकोस. मी रजा टाकून येते, तुझ्यासमोर बसते आणि हाताला येईल ते ओढते, मला लाज नाही. आणि ती असेल तिथे, तर तिला माझा एक निरोप दे. म्हणावं, इकडे बघायला येऊ नकोस. इथे बिस्किटवालीचा हात जड आहे, माझं भागतं. तू पोरीपाशी राहा. हे तिला मोठ्यानं सांग, तिच्या बाजूला बघून. मी इथे रिकाम्या स्टुलाला सांगून बघितलं, पण माझा आवाज नीट निघाला नाही.

तुझीच,
सख्खी नसलेली मावशी