ओळ संपायच्या आधी

ताडकळस
दि. ८ जुलै २०२५

ती. आप्पांस,
दीपिकाचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुमी बरं हाय एवढं सांगून ठेवून देता, म्हणून पत्र लिहायला बसले. माझंही बरं चाललंय. सातवीच्या संगीताच्या तासाला सध्या पोवाडा घेतलाय. म्हटलं, पुस्तकातला कशाला, घरचाच घ्यावा. आपल्या गोदागंगेच्या पुरातून मेंढरं काढणाऱ्या धनगरणीचा तुमचा पोवाडा. तुमच्या ट्रंकेतली ती एकुलती एक कॅसेट मे महिन्यात मागून आणली ती यासाठीच. मोबाइलवर उतरवली आणि वर्गात स्पीकरवर लावली. पोरं चार दिवस तेच ऐकत होती.

पण मागं लय गलका होता. कोंबड्या, भांडी, लांबून कुणीतरी बोलायलंय. आमच्या रामप्रसाद सरांनी एक ॲप सांगितलं. ते गाणाऱ्याचा आवाज ठेवतं आणि बाकीचा गोंगाट पुसून टाकतं. आता नुसते तुमी आणि तुमचा डफ. शब्द टीव्हीवर येतात, पोरं बघून म्हणतात. साफ केलेलं गाणं तुमच्या मोबाइलवर पाठवलंय. ऐका, आणि लेकीचं जरा कौतुक करा.

डोकेदुखी एकच, चंदा. मेंढपाळाच्या घरची पोर, गळा सुरेख. शाहिराची ओळ संपली की मागच्यांनी जी जी म्हणून झील धरायची, एवढं साधं काम. ही बया ओळ संपायच्या आधीच जी घुसवते. दहादा दटावलं, तर रुसून बसली.

बीपीची गोळी चुकवू नका. माया आहेच, पत्रातूनही येऊ द्या.

तुमची
दीपिका


सोनपेठ
दि. १५ जुलै २०२५

चि. दीपिकास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुजं गाणं तीनदा ऐकलं. आवाज लय साफ आलाय, माजाच हाय का असं वाटलं. पण बाई, तुजी माय कुठं गेली?

तुला सांगितलं न्हाई ही माजी चूक. कॅसेट भरायच्या दिवशी झील धरणारा भुजंग आलाच न्हाई. तुजी माय कोपऱ्यात जवारी निवडत बसली होती. तिनं तिथूनच जी जी धरली. लांबून कुणीतरी बोलायलंय म्हणतीस, ती नर्मदाच. तुला तीन वर्षांची ठेवून गेली. फोटो दोन हाईत, आवाज तेवढाच. तू शाळेत गेलीस की मी टेप लावायचो. तुला ऐकवायचं धाडस झालं न्हाई. तू रडशील म्हणून न्हाई, मीच रडंल म्हणून. तू कॅसेट मागितलीस तवा वाटलं, लेकीला आपोआप वळखू येईल.

असू दे. कॅसेट हाय की. भुजंग बाजारला तिकडं येणार हाय, त्याच्या हातानं धाड. जपून धाड.

जीव आहे तसाच लाव.

तुजा
आप्पा


ताडकळस
दि. २४ जुलै २०२५

ती. आप्पांस,
दीपिकाचा सा. न. वि. वि.

चार दिवस कागद घेऊन बसते आणि उठते. आप्पा, कॅसेट राहिली नाही. उतरवून झाल्यावर पोरांना टेप कसा चालतो ते दाखवायला परत लावली, तर फीत आत गुंतून चुरगळली. तुमच्यापासून लपवलं. परभणीला दुरुस्तीवाल्याकडं नेली होती. त्यानं जोडून दिली, पण नुसती खरखर येते. मोबाइलवरचं मूळ गाणं जागा भरली म्हणून मीच पुसलं. रामप्रसाद सरांनी सगळं धुंडाळलं. काही मिळालं नाही.

लहानपणी मी रुख्मिणी मावशीला विचारायचे, आईचा आवाज कसा होता. ती म्हणायची, तुझ्यासारखाच. मग मी विहिरीत वाकून मोठ्यानं बोलून बघायचे. एकदा तरी ऐकू यावा असं जन्मभर वाटलं. आणि तो चार दिवस माझ्या वर्गात होता, मी टेबलाशी बसून हजेरी भरत होते. आईला मी गोंगाट म्हणाले, आप्पा.

रागवा, पण अबोला धरू नका. ती कशी म्हणायची, तेवढं तरी लिहा. माया आटू देऊ नका.

तुमची
दीपिका


सोनपेठ
दि. ३० जुलै २०२५

चि. दीपिकास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई. मग तुजी पत्रं काढून परत पहिल्यापासून वाचली.

ती कशी म्हणायची इचारतीस. लय घाईची. माजी ओळ कधी संपू दिली न्हाई तिनं, अलीकडूनच जी धरायची. मला दम घ्यायला जागा राहायची न्हाई. मी चिडायचो, तर हसून म्हणायची की तुमीच रेंगाळता. तशी झील ह्या मुलखात दुसरं कुणी धरत न्हाई. भुजंग न्हाई, त्याचा बाप न्हाई.

मंग मला सांग, त्या चंदाला कुणी शिकवलं? तू हजेरी भरत होतीस, ती पोर ऐकत होती. आणि तू तिला दहादा दटावलंस.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. पावसाळी हवेत डफ बसतो, शेकायला चार काटक्या बघून ठेव. मोबाइलवर भरून घे, पण काई पुसू नको, कोंबडी वरडली तरी. तू चंदाच्या शेजारी बस. ती जी धरंल तवाच तू धर. अन् तिला सांग, म्हाताऱ्याची ओळ संपायची वाट बघू नको म्हणावं.

बाकी भेटीत. जीव लावून राहा.

तुजा
आप्पा