एक फोटो, एकेचाळीस पॉडकास्ट

२ जून
कानाने फोटो काढायला कसं शिकतात? पप्पांनी सकाळी विचारलं. तरी मार्ग बरोबर आहे. मामाने महिन्यासाठी कॅमेरा दिलाय. बॅटरी फुल चार्ज केली. पप्पांचं शिलाईचं दुकान तीस तारखेला बंद होणार. सुईत दोरा ओवताना त्यांना आता दिसत नाही. मशीनवर बसलेला एक चांगला फोटो काढ, एवढंच त्यांचं मागणं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. उगाच क्लिक करून कसं चालेल? आधी फोटोग्राफी आणि सर्जनशीलतेवरचे चांगले पॉडकास्ट शोधायचे. पाच पुरेत.

५ जून
पाचाचे सतरा झाले. चांगले लोक आणखी चांगल्या लोकांची नावं सांगतात. वही आखली: नाव, भाग, विचारांची खोली, दहापैकी गुण. आई म्हणाली, परीक्षेला तरी एवढी आखली होतीस का. होती.

११ जून
ऑफिसला जाता-येता दीडपट वेगाने ऐकते. एक फोटोग्राफरबाई म्हणाल्या, कॅमेरा हातात घेण्याआधी महिनाभर नुसतं बघा. अगदी पटलं. महिना मोजला तर जुलै उजाडतो. सात गुण.

१९ जून, दुपार
रजा टाकून दुकानात. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. प्रकाश सपाट. एका पॉडकास्टच्या तेविसाव्या भागाप्रमाणे तो खिडकीतून, चारनंतर हवा. चारला गिऱ्हाईक आलं. पप्पा म्हणाले, मापं घेतानाचा काढ की. ते माझ्या संकल्पनेत बसत नाही. बरं, मग पुढच्या वेळी शर्ट पुन्हा इस्त्री करतो, म्हणाले.

२७ जून
एकेचाळीस. थकले. आता सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात. सगळेच म्हणतात, थांबा, श्वास घ्या. बसमध्ये श्वास घेत बसले, माझा स्टॉप गेला. पण पाया पक्का झालाय. फक्त 'क्षण कसा पकडावा' हा दोन तासांचा भाग राहिलाय. तो तीसला दुकानातच ऐकेन.

३० जून
मशीन न्यायला टेम्पो चारला येणार होता. दोनला आला. मी आत पाठमोरी बसून ऐकत होते, टिपणं घेत होते. पप्पांनी तीन हाका मारल्या म्हणे. वळले तेव्हा फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आणि खडूची पूड. पप्पांच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती.

१ जुलै
कॅमेरा परत केला. मामा म्हणाला, बॅटरी अजून फुल कशी?

शेजारच्या झेरॉक्सवालीने काल टेम्पो येताच मोबाइलवर एक फोटो काढला होता. कोपऱ्यात तिचं बोट. प्रकाश सपाट. पप्पा मशीनवर, मान वळवून हाक मारतायत. मागे मी, कानात वायरी, वहीत डोकं. पप्पांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय. खाली लिहिलंय, शेवटचा दिवस, मुलगी सोबत.

फ्रेमवाला म्हणाला, मागची मुलगी कापू, फोटो उठून दिसेल. नको म्हटलं. बोटासकट मोठा करायला टाकून आले.