बागेचं खत

शनिवार संध्याकाळ, बॉथेल, अमेरिका

आज आईवर ओरडलो. दोन महिन्यांसाठी नागपूरहून आलीय ती, आणि मी ओरडलो.

घरी काडतुसं भरायला मी बंदुकीच्या दोन पावडरी निवडल्या होत्या. पिस्तुलाची झटकन जळणारी, रायफलची सावकाश. किती वाचून, किती जणांना विचारून! आईने आज गॅरेज आवरलं. अर्ध्या-अर्ध्या बाटल्या दिसल्या, तिने एकीत ओतल्या, घरी डाळीचे डबे एकत्र करते तशा. रिकामी झालेली धुऊन पालथी घातली.

"आई, विचारायचं तरी! सगळं फेकावं लागणार आता!"

ती गोंधळली. "दोन्ही खतच ना रे?"

हो, खतच. गेल्या आठवड्यात तिने विचारलं तेव्हा मीच सांगितलं होतं, बागेचं खत आहे म्हणून. मुलगा बंदूक बाळगतो हे तिला कळायला नको होतं. लक्षात आलं नसतं तर ती मिसळलेली पावडरच काडतुसात भरली असती मी, आणि बंदूक फुटून हात गेला असता. आज तरी खरं सांगायचं ना? ती पालथी बाटली उचलून पुसत बसलो नुसता.

"चुकलं रे माझं," आई म्हणाली.

आणि मी म्हणालो, "असू दे."