विदालच्या बसने आलेली डबी

इताउगुआ,
१६ ऑगस्ट

माझ्या लेकी निमिया,

तिथे ब्युनोस आयर्समध्ये देव तुला धडधाकट ठेवो, आणि तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या बाईंनाही. आम्ही आजा-नात बरे आहोत. माझा गुडघा दुखतो तेवढा दुखतो. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्यात. उत्तरेचा वारा सुटलाय, त्यामुळे लाल धूळ घरात, ताटात, दातांत, सगळीकडे.

पत्र बघून तू दचकशील. म्हणशील, बाबांनी फोन का नाही केला? अगं, फोन तुझ्या अरासेलीच्याच हातात असतो. मी बोलायला घेतला की ती शेजारी येऊन बसते. म्हणून हे विदालच्या हाती पाठवतोय. तो बस घेऊन तुमच्याकडे निघालाय आणि आत्ता बाहेर बाकावर बसून माझी वाट बघतोय. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, चुका पोटात घाल.

तू मागे विचारलंस, पोरगी फोनवर तोंड का दाखवत नाही. मी म्हणालो, लाजते. पण लाजण्यासारखं आता काही राहिलं नाही. पंधराव्या वाढदिवसाला गुलाबी झग्यात उभी राहिली तेव्हा चेहरा धुतलेल्या बशीसारखा होता, फोटोत तू पाहिलासच. मुरुमं गेली. मुरुमांवरच्या गोळ्याही तेव्हाच संपल्या.

त्यानंतर डोळे सुरू झाले. आधी म्हणाली, वाळू गेल्यासारखं वाटतंय. मी म्हणालो, वारा आहे. मग म्हटलं, फोन बघतेस सारखी. मग जाळी विणायच्या कामावर ढकललं, बारीक दोऱ्यावर. आता ती न्यांदुतीच्या जाळीला हात लावत नाही. ती विणायला मी केलेल्या लाकडी चौकटी भिंतीला टेकून उभ्या आहेत. खिडकीला तिने चादर लावली आहे, उजेड टोचतो म्हणते.

बाजारात पाला विकणाऱ्या सिरिलाला विचारलं. ती उखळात मुळं कुटत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीच्या अंगात उष्णता भरलीय, डॉन एलिहियो. गोळ्या म्हणजे आग. थंड पाला देते, तो तेरेरे प्यायच्या गार पाण्यात घाला."

"डॉक्टरला दाखवू का?"

"दाखवा की. आधी तो चष्मा विकेल, मग तुम्हाला विकेल. तुम्हाला कोण घेणार म्हणा!"

बायका हसल्या, मीही हसलो. आणि अर्धा हिवाळा पोरीला थंड पाला पाजला. पोटात कळा यायच्या, तरी बिचारी पीत होती. डोळे होते तसेच.

मग एका सकाळी आतून हाक आली, "आजोबा, उजाडलं का हो?" निमिया, ऊन तिच्या उशाशी आलं होतं. पापण्या चिकटून बसल्या होत्या. मी ओल्या फडक्याने त्या सोडवल्या, तोवर तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण बाई आहेत. त्या म्हणाल्या, पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, या गोळ्यांनी त्या सुकतात. मग डोळ्यांतलं पाणी टिकत नाही, उडून जातं. काहींचं आपोआप बरं होतं, काहींचं रेंगाळतं. हिचं कुठल्या बाजूला जाईल ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. गरम फडक्याचा शेक आणि थेंब दिलेत. म्हणाल्या, या गोळ्या रक्त तपासून, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायच्या असतात. कोणी दिल्या?

अरासेली म्हणाली, "बाजारात मिळाल्या." मी थेंबांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

तुझं नाव येऊ नये म्हणून ती खोटं बोलली, लेकी. बाहेर आल्यावर मला शपथ घातली की आईला कळू द्यायचं नाही. "ती तिथे एकटी आहे, आजोबा. झोपणार नाही." त्या गोळ्या तू मायेपोटी पाठवल्यास हे तिला माहीत आहे, मलाही. तरी ते लिहायला मला या कागदाच्या तळापर्यंत यावं लागलं.

आणि अजून खरी गोष्ट लिहिलीच नाही.

तिच्या हनुवटीवर पुन्हा दोन पुटकुळ्या आल्यात. तिने मला न सांगता तुझ्याकडे दुसरी डबी मागितली. सगळं ठीक आहे असंच सांगितलं असणार. परवा विदालने टर्मिनलवरून हाक मारली, "डॉन एलिहियो, लेकीचं पार्सल!" साबण निघाला, माझे मोजे निघाले, आणि मोज्यात ती डबी. साबण मी तिला दिला. डबी माझ्या खिशात आहे.

"आजोबा, अजून काही होतं का?"

"नाही."

काल ती टर्मिनलवर गेली आणि चारचौघांत विदालला चोर म्हणाली. तो माझ्याकडे आला, टोपी हातात. "डॉन एलिहियो, इतकी वर्षं पार्सलं आणतोय, कोणाचा चमचा हरवला नाही." मी त्याला डबी दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "मग मी चोरच बरा. तुम्ही पत्र लिहा, मी नेतो."

घरी येऊन पोरगी रडली. तोंड वाकडं झालं, खांदे हलले, आवाज फुटला, पण डोळ्यांतून काही म्हणजे काही आलं नाही. इतका भ्यायलेलो मी कधी नव्हतो, तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी म्हटलं, बाळा, डोळ्यांपेक्षा दोन पुटकुळ्या जड आहेत का? तर म्हणाली, "डोळे माझे मलाच दुखतात, आजोबा. चेहरा सगळ्यांना दिसतो."

डबी फेकून देईन, पण ती दुसरीकडून आणेल. माझं ती ऐकणार नाही, मी म्हातारा, मला काय कळतं. तुझं ऐकेल. रागावू नकोस तिच्यावर, आणि स्वतःवरही नको, त्याने काही होत नाही. एवढंच सांग की तुला कळलंय, आता पुन्हा पाठवणार नाहीस, आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगायचंय. विदालची माफीही मागायला लाव.

ती माझ्याशी बोलणं सोडेल. सोडू दे.

पत्र मिळालं की रविवारी दुपारी फोन कर. मी डबी टेबलावर तिच्यासमोर ठेवणार आहे. तुझं बोलून होईपर्यंत डबीवरचा हात मी काढणार नाही.

घाबरलेला,
तुझा बाप
एलिहियो